पाद्र्याचीं ओबडधोबड गाणीं

'पाद्री' हा शब्द पोर्तुगिजांनीं आपल्या किनाऱ्यावर आणिला, आणि येथील छावण्यांतून इंग्रज शिपायांच्या तोंडीं बसून तो त्यांच्याबरोबर विलायतेस गेला. इंग्लंडांतील खेड्यांत जो 'व्हिकर' म्हणून ओळखला जातो, तोच गृहस्थ खाकी पोशाख चढवून पलटणींत दाखल झाला कीं त्याचा 'पाद्रे' होतो. हा आपल्याकडून गेलेला शब्द १९१८ सालीं एका लहानशा कवितासंग्रहाच्या मुखपृष्ठावर जाऊन बसला. 'रफ ऱ्हाइम्स ऑफ ए पाद्रे', म्हणजे एका पाद्र्याचीं ओबडधोबड गाणीं, हें त्या संग्रहाचें नांव. आणि रेव्हरंड जेफ्री स्टडर्ट केनेडी हे त्याचे कर्ते. त्याच वर्षीं त्यांचा 'द हार्डेस्ट पार्ट' हा गद्यग्रंथहि बाहेर पडला. पहिल्या महायुद्धाच्या इंग्रजी वाङ्मयाचा विचार करितांना आपल्याकडील अभ्यासक ओएन, ससून, ग्रेव्हज् यांचीं नांवें घेतात व थांबतात. केनेडी यांचें नांव त्या पंक्तींत सहसा ऐकूं येत नाहीं. तें त्या पंक्तींत बसावें कीं काय, हा एक प्रश्न आहेच. परंतु आम्हांस हीं दोन पुस्तकें वाचनीय वाटतात तीं एका निराळ्या कारणासाठीं. वर्षानुवर्षें मंडळीचा पाळक म्हणून राहिलेला मनुष्य ती मंडळी मागें टाकून चॅप्लेन होण्यासाठीं बाहेर पडतो, तेव्हां त्याच्या भाषेचें काय होतें, हें ह्या पुस्तकांत जितकें उघडें दिसतें तितकें अन्यत्र क्वचितच दिसेल.

पाळक आणि चॅप्लेन यांच्यांतील अंतर वरवर पाहणाऱ्याच्या ध्यानांत येत नाहीं. दीक्षा एकच, शास्त्र एकच, प्रभुभोजनाचा विधि एकच. परंतु पाळकाच्या देवळांत जे येतात ते आपल्या पायांनीं येतात. बांकें त्याचीं, घंटा त्याची, व्यासपीठ त्याचें; तेथें तो यजमान असतो. चॅप्लेनला स्वतःचें घर नसतें. पलटण, तुरुंग, रुग्णालय किंवा जहाज, जेथें कोठें तो असेल तेथें दुसऱ्याच्या छपराखालीं वावरतो. ज्यांच्यामध्यें वावरतो त्यांतील बहुतेकांनीं त्याला बोलाविलेलें नसतें, आणि त्याचा पगार बहुधा देवळाकडून न येतां त्या संस्थेकडून येतो. महाराष्ट्राला ह्या दुसऱ्या जातीचा परिचय छावण्यांमुळें झाला. पुणें लष्करांतील सेंट मेरीचें देऊळ १८२५ चें, कुलाब्याचें अफगाण चर्च १८५८ चें. अशा देवळांतून उपासना चालविणारे पाद्री सरकारी पगारदार असत, आणि नगरकडील मिशनच्या पाळकांहून आपल्या लोकांनीं त्यांना वेगळेंच ओळखिलें. मराठी वाचकाला पाळक म्हटला म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवावयाचे. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'मुळें ते आपल्या घरचेच झाले आहेत. टिळकांनीं १९१७ सालीं मिशनची पगारी नोकरी सोडिली व संन्यस्त वृत्तीनें ते आपला 'देवाचा दरबार' मांडून बसले. त्याच वर्षीं केनेडी फ्रान्समध्यें कॅप्टनच्या दर्जाचा गणवेश घालून हिंडत होते. लोकांच्या अधिक जवळ जावें ही ओढ दोघांचीहि. पण एकानें त्यासाठीं संस्था टाकिली आणि दुसरा अधिक कठोर अशा एका संस्थेच्या पोटांत शिरला. दुसऱ्या वाटेंत कवीचा लाभ किती व हानि किती, हें आम्हांस पहावयाचें आहे.

केनेडी यांचा जन्म १८८३ सालीं लीड्स येथें झाला. वडील तेथील एका गरीब वस्तीचे व्हिकर. शिक्षण डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांत. १९०८ पासून रग्बी येथें व पुढें पुनः लीड्सला दुय्यम धर्मगुरूचें काम. १९१४ सालीं वुस्टर गांवच्या सेंट पॉल देवळाचे ते व्हिकर झाले. हीहि वस्ती गरिबांचीच. तेथें येऊन कांहीं महिने होतात न होतात तों युद्ध पेटलें, आणि १९१५ च्या अखेरीस केनेडी सैन्यांत चॅप्लेन म्हणून दाखल झाले. प्रथम नेमणूक रूआँ येथें. आघाडीकडे जाणाऱ्या आगगाड्या जेथून सुटत त्या स्टेशनांतील उपाहारगृहांत ते शिपायांची पत्रें लिहून देत, त्यांच्याबरोबर गाणीं म्हणत, आणि गाडी सुटावयाच्या वेळीं डब्याडब्यांतून फिरत. एका झोळींत नव्या कराराच्या प्रती, दुसरींत वुडबाइन नांवाच्या अगदीं स्वस्त सिगारेटी. शिपायांनीं त्यांना 'वुडबाइन विली' हें नांव दिलें. नव्या करारावरून नांव पडलें नाहीं, सिगारेटीवरून पडलें, ही गोष्ट वाचकानें लक्षांत ठेवावी. केनेडी ती कधींच विसरले नाहींत. १९१७ च्या जूनमध्यें मेसीनच्या लढाईंत भडिमार चालूं असतां त्यांनीं खड्डे धुंडाळून स्वपक्षाचे व शत्रूचेहि जखमी मलमपट्टीच्या ठाण्यापर्यंत पोंचविले, आणि त्याबद्दल त्यांना 'मिलिटरी क्रॉस' मिळाला. दम्याचा विकार असलेल्या माणसाचें हें काम आहे.

येथें आणखी एका पाद्र्याचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. त्यानें एकहि कविता लिहिली नाहीं, तरी केनेडी यांच्या कवितेवर त्याच्याइतकें चांगलें भाष्य दुसरें नाहीं. थिओडोर बेली हार्डी हे शाळामास्तर व मुख्याध्यापक म्हणून आयुष्य घालवून वेस्टमोरलंड परगण्यांतील हटन रूफ ह्या डोंगराळ खेड्याचे व्हिकर झाले होते. १९१४ सालीं पत्नी वारली. युद्ध सुरू होतांच त्यांनीं चॅप्लेनच्या जागेसाठीं अर्ज केला. वय पन्नाशीच्या पुढें म्हणून नकार आला. खेडें सुखाचें, माणसें परिचयाचीं, निवृत्तीचे दिवस जवळ आलेले. एवढ्या वयांत हें सोडून चिखलांत जाण्याची धडपड ह्या गृहस्थानें कां करावी? कोणी म्हणेल देशाभिमान, कोणी म्हणेल रितें घर. कारण कोणतेंहि असो, त्यांनीं पिच्छा सोडिला नाहीं, आणि १९१६ सालीं त्यांना अखेर घेण्यांत आलें. फ्रान्समध्यें केनेडी यांची गांठ पडली तेव्हां वयानें वीस वर्षांनीं वडील असलेल्या ह्या गृहस्थानें, काम कसें करावें म्हणून त्यांना विचारलें. केनेडी यांनीं दिलेल्या सल्ल्याची नोंद राहिली आहे. शिपाई जेथें राहतील तेथें रहा, जातील तेथें जा. आघाडीच्या मागें राहून केलेलें काम फुकट. खिशांत सिगारेटी ठेवा, मनांत माया ठेवा, त्यांच्याशीं हंसा. प्रार्थना त्यांच्याबरोबर एखादे वेळीं करा, पण त्यांच्यासाठीं नेहमीं करा, असा त्याचा मथितार्थ. युद्धाच्या प्रारंभीं पाद्र्यांनीं अगदीं पुढच्या खंदकांत जाऊं नये असा दंडक असे. तो पुढें सैल झाला, आणि हार्डी यांच्यासारख्यांनीं तो पार मोडून टाकिला. रात्रीं अंधारांत ते खंदकांत सरपटत येत, आणि कोण आहे म्हणून विचारतां, दुसरें कोणी नव्हे, मीच, एवढेंच सांगत. एका वर्षांत त्यांना डी. एस्. ओ., मिलिटरी क्रॉस व व्हिक्टोरिया क्रॉस हीं तिन्ही पदकें मिळालीं. राजानें त्यांना आपला चॅप्लेन नेमिलें आणि मायदेशीं परतण्याची वाट मोकळी झाली. ते परतले नाहींत. १९१८ च्या ऑक्टोबरांत, तह व्हावयास महिनाहि उरला नसतां, जखमी होऊन रूआँ येथें ते मरण पावले.

'मीच' एवढ्या एका शब्दांत जो पाळक आपली ओळख देतो, त्यानें आपल्या देवळाची, पदवीची, व्यासपीठाची भाषा मागें सोडिलेली असते. 'रफ ऱ्हाइम्स' मधील कविता वाचतांना आम्ही हीच कसोटी लावून पाहिली. केनेडी यांच्या कवितांचे सरळ दोन ढीग पडतात. एका ढिगांत शिपायांच्या बोलींत लिहिलेल्या कविता, दुसऱ्यांत शिष्ट इंग्रजींत लिहिलेल्या. पहिल्या ढिगांत कवि पाहुणा आहे. दुसऱ्यांत तो पुनः यजमान होतो, घंटा वाजवितो आणि आपल्याला बांकावर बसवितो.

पहिल्या प्रकारांतील 'द सॉरो ऑफ गॉड' ही कविता घ्या. शिपायांच्या मुक्कामांतील प्रवचन, असें तिचें उपनांव आहे. पण प्रवचन करणारा पाद्री नसून एक अडाणी शिपाई आहे. जग जळत असतां देव आकाशांत सुखानें कसा बसूं शकतो, हें त्याला उमगत नाहीं. मग ख्रिस्ताची गोष्ट आठवून तो चांचपडत चांचपडत एका विचाराशीं येतो, कीं त्या वधस्तंभावरचें दुःख एका दिवसापुरतें नसेल. देवाच्या अंतःकरणांत प्रेम असेल तर हें त्याचें रोजचेंच दुःख असलें पाहिजे. ह्याच विचारावर विद्यापीठांतील धर्मपंडितांनीं ग्रंथ लिहिले आहेत. परंतु येथें तो विचार अक्षरें गाळीत बोलणाऱ्या, वाक्य अर्धवट टाकून पुनः धरणाऱ्या माणसाच्या तोंडून येतो, म्हणून तो पटतो. बोलीहि चोख नाहीं. लंडनच्या गल्लींतील उच्चार व उत्तरेकडील परगण्यांतील शब्द यांची ती भेसळ आहे. भाषाशास्त्रज्ञ नाक मुरडतील. आम्हांस ती भेसळच खरी वाटते, कारण पलटणींत असेंच सर्व प्रांतांचें पाणी एका हौदांत पडतें.

'वेल?' ही कविता तर आमच्या मतें त्यांची सर्वोत्कृष्ट. पाद्र्यानें न्यायाच्या दिवसाविषयीं केलेलें प्रवचन ऐकून एका शिपायाला स्वप्न पडतें. तो मरून एका निर्जन किनाऱ्यावर उभा आहे. सिंहासन नाहीं, वह्या नाहींत, देवदूत नाहींत. आपलें गेलेलें आयुष्य त्याला समोर दिसतें, आणि मग कोणी एक जवळ येऊन त्याच्याकडे पाहतो. तो दोषारोप करीत नाहीं, 'काय मग?' एवढेंच विचारतो. शिपाई स्वतःच नरकांत पाठविण्याची विनवणी करूं लागतो, आणि ती विनवणी नाकारली जाते. येथें केनेडी यांनीं स्वतःला, म्हणजे पाद्र्याला, कवितेच्या कडेला उभें केलें आहे. त्याचें प्रवचन शिपायाला झोंप आणण्यापुरतें व स्वप्न पाडण्यापुरतें उपयोगीं पडलें, एवढेंच श्रेय त्याला. व्यासपीठावर जन्म काढलेल्या माणसानें असें लिहावें याला मोठा मोकळेपणा लागतो.

ह्या बोलीच्या कवितांवर किप्लिंगची छाप आहे, असें म्हटलें जाईल, आणि तें खोटें नाहीं. मुंबईंत जन्मलेल्या त्या कवीच्या 'बॅरक-रूम बॅलड्स'नी १८९२ पासून शिपायाची बोली इंग्रजी कवितेंत रूढ केली होती. परंतु किप्लिंगचा शिपाई श्रोत्यांसाठीं बोलतो. टाळी कोठें पडेल हें त्याला ठाऊक असतें. केनेडी यांचा शिपाई बराकींतल्या अंधारांत शेजाऱ्याशीं बोलतो. शब्दांवरील हुकमत किप्लिंगची कितीतरी मोठी, हें निर्विवाद. केनेडी यांचें यमक अनेकदां ओढून आणलेलें, वृत्त लंगडें, कडवीं गरजेपेक्षां अधिक. संग्रहाला 'ओबडधोबड' म्हणण्यांत विनयाइतकाच खरेपणाहि आहे.

आतां दुसरा ढीग. 'हाय अँड लिफ्टेड अप' ह्या कवितेंत केनेडी सिंहासनस्थ, सर्वशक्तिमान्, रक्तपाताकडे शांतपणें पाहणाऱ्या देवाचा धिक्कार करितात. संताप खरा आहे, ओळी लांब व गर्जणाऱ्या आहेत, आणि एका पाद्र्यानें हें लिहावें यानें त्या काळीं पुष्कळांस धक्का बसला असेल. परंतु 'वेल?' वाचल्यानंतर ही वाचावी. येथें प्रत्येक ओळीमागें वर उचललेला हात दिसतो. सिंहासनावरील देव नाकारणारा कवि स्वतः मात्र व्यासपीठावरून खालीं उतरलेला नाहीं. शिष्ट भाषेंतील ज्या थोड्या कविता ह्या दोषापासून सुटल्या आहेत, त्यांत 'वेस्ट' ही एक. 'नासाडी' ह्या एकाच शब्दाची आठ-दहा ओळींत पुनरावृत्ति, आणि काय काय नासलें त्याची यादी. तेथें बोलावयाला जागाच ठेविली नाहीं म्हणून ती साधली. पुढें 'द अनअटरेबल ब्यूटी' ह्या १९२७ च्या संग्रहांत आलेली 'इन्डिफरन्स' ही कविताहि अशीच. गुलगुथ्यावर लोकांनीं ख्रिस्ताला निदान मारिलें. बर्मिंगहॅमसारख्या शहरांत तो आला तर कोणी त्याला दुखविणार नाहीं, नुसतें पावसांत उभें ठेवून बाजूनें निघून जातील, ही तिची कल्पना. कल्पना इतकी धारदार आहे कीं सांगणाऱ्याचा स्वर थोडा चढला तरी चालून जातो.

दोन्ही ढिगांच्या मधोमध एक कविता आहे, आणि तिच्यांतच ह्या कवीच्या जिवाची गोष्ट आली आहे. 'वुडबाइन विली' हें तिचें नांव. आपल्याला मिळालेल्या टोपणनांवाकडे केनेडी अभिमानानें पाहतील अशी वाचकाची अपेक्षा असते. प्रारंभ तसा होतोहि. त्या नांवांत शिपायांचें हंसूं आणि आंसूं मिसळलें आहे असें ते म्हणतात. पण पुढें सूर पालटतो. तें नांव त्यांना न फिटलेल्या व न फिटणाऱ्या ऋणाची खूण वाटूं लागतें. मरावयास निघालेल्या माणसांना जें द्यावयाचें तें आपल्यापाशीं नव्हतें, आणि आपण एका क्षुल्लक वस्तूवर वेळ मारून नेली, ही बोचणी कवितेच्या शेवटीं उघडी पडते. गांवच्या पाळकाला हें ऋण इतकें टोंचत नसावें; बाप्तिस्म्यापासून मूठमातीपर्यंत तो आपल्या माणसांबरोबर असतो, आज राहिलें तें उद्यां देतां येतें. चॅप्लेनला उद्यां नसतो. गाडी सुटते. स्टेशनाच्या फलाटावर दोन मिनिटांत काय देतां येईल, ह्या प्रश्नावर केनेडी यांचें सारें लेखन उभें आहे, आणि सिगारेट हें त्याचें उत्तर म्हणून त्यांना कधींच पुरलें नाहीं. हार्डी यांना सल्ला देतांना मात्र त्यांनीं सिगारेटीचेंच नांव आधीं घेतलें. ह्यांत विसंगति आहे असें आम्हांस वाटत नाहीं. उत्तर पुरेसें नाहीं हें ठाऊक असूनहि तेंच हातांत घेऊन डब्यांत चढावें लागतें.

'द हार्डेस्ट पार्ट' हा गद्यग्रंथ ह्याच प्रश्नांतून निघाला. त्याचें मूळ एका रुग्णालयांत आहे. जखमी होऊन पडलेला एक अधिकारी पाद्र्याला विचारतो, देव कसा आहे तें मला सांगा. पाद्री खाटेवर टांगलेल्या वधस्तंभाच्या मूर्तीकडे बोट करितो. अधिकाऱ्याचें समाधान होत नाहीं. हा तर पराभूत, छिन्नविच्छिन्न मनुष्य आहे, मी विचारतों तें सर्वसमर्थ देवाविषयीं. वुस्टरच्या व्यासपीठावर असतां केनेडी यांनीं याला कांहीं तरी तयार उत्तर दिलें असतें. येथें दोघेहि गप्प होतात, आणि त्या शांततेंतून पुस्तक सुरू होतें. निसर्ग, इतिहास, बायबल, प्रार्थना, संस्कार, चर्च असे एकामागून एक विषय घेऊन ते पाहतात, कीं सर्वसमर्थ म्हणून शिकविलेला देव खंदकांत टिकतो काय. त्यांच्या मतें तो टिकत नाहीं. टिकतो तो दुःख भोगणारा, मनुष्याबरोबर झगडणारा देव. प्रकरणाच्या तोंडीं रणांगणावरील एखादा प्रसंग येतो, आणि मग विचार त्याच्या मागून धांपा टाकीत येतो. शास्त्रीय कसोटीवर हा ग्रंथ सैल आहे. देव दुर्बळ आहे कीं त्यानें स्वतःला बांधून घेतलें आहे, ह्याचा निर्णय ग्रंथकार कोठेंच स्वच्छपणें लावीत नाहीं. तरीसुद्धां जर्मन धर्मपंडित युर्गन मोल्टमन यांनीं १९८० सालीं ह्या विस्मृत पुस्तकाचें मोल कार्ल बार्टच्या रोमकरांच्या पत्रावरील सुप्रसिद्ध भाष्याहूनहि मोठें ठरावयास हवें होतें, अशा अर्थाचा अभिप्राय दिला. मोल्टमन स्वतः दुसऱ्या महायुद्धांत शिपाई होते व ब्रिटिशांच्या कैदेंत राहिले होते. पंडितानें दिलेल्या ह्या पावतींत शिपायाचा हात आहे, असें आम्हांस वाटतें.

मराठी वाचकाला ह्या ग्रंथांतील अर्धा भाग परका वाटणार नाहीं. जनाबाईबरोबर दळणारा, एकनाथांच्या घरीं पाण्याच्या कावडी वाहणारा देव आपल्या ओळखीचा आहे. देवाशीं भांडण मांडणें, त्याला लागट बोल लावणें, हें तर आपल्या संतांना इतकें सहज होतें कीं केनेडी यांच्या बंडखोरीचा गाजावाजा पाहून आपल्याला किंचित् हंसूंहि यावें. फरक पुढें आहे. आपला विठोबा दळतो तें लीलेनें. हात दुखले तरी तो हरत नाहीं. केनेडी यांचा देव खरोखर हरतो, आणि हरत असतांहि सोडून जात नाहीं. नामदेव-तुकारामांनीं देवाला निष्ठुर म्हटलें. त्याला असमर्थ मानून त्यावरच श्रद्धा उभारावी, ही गोष्ट त्यांच्या मनाला शिवली नसती. हा भेद डावलून जो कोणी 'सगळे संत एकच बोलतात' असें म्हणेल, त्यानें ह्या दोहोंपैकीं एकहि नीट वाचलेलें नाहीं.

आतां हानीची बाजू. पाहुणा ज्याच्या घरीं उतरतो त्याचें मीठ खातो. सैन्यानें केनेडी यांच्या वक्तृत्वाचा उपयोग करून घेतला. संगिनीचें शिक्षण देणाऱ्या तुकडीबरोबर, मुष्टियोद्धे व पहिलवान यांच्या ताफ्यांत, छावणीछावणींतून त्यांना व्याख्यानांसाठीं हिंडविण्यांत आलें. एकीकडे शत्रूच्या जखमींना पाठीवर घेणारा मनुष्य आणि दुसरीकडे संगिनीची भलावण करणारा वक्ता, हे एकाच गणवेशांत कसे राहिले? चरित्रकार येथून लवकर पुढें सरकतात. आम्हांस वाटतें, हा प्रश्न टाळून कवितांचें मोल ठरवितां येणार नाहीं. कैसरविरुद्धचें युद्ध न्याय्य आहे असें ते युद्धकाळीं मानीत होते, आणि तें त्यांनीं लपविलें नाहीं. परंतु बोलीच्या कवितांत संगीन कोठेंहि गौरविलेली नाहीं; शिपायाच्या तोंडून बोलतांना त्यांना तें बोलवेना. वक्त्याला जें साधलें तें कवीला साधलें नाहीं, आणि कवीचीच साक्ष अधिक विश्वासार्ह. युद्धानंतर त्यांचा पालट झाला. १९१९ सालीं 'लाइज!' ह्या नांवाचें पुस्तक त्यांनीं लिहिलें, आणि युद्धाचा तिटकारा ते पुढें उघडपणें बोलूं लागले.

रॉबर्ट ग्रेव्हज् यांच्या १९२९ च्या आत्मचरित्रांत अँग्लिकन पाद्र्यांची फार वाईट हजेरी घेतली आहे. शिपायांना त्यांच्याविषयीं आदर नव्हता, तो होता तो रोमन कॅथलिक पाद्र्यांविषयीं, असें त्यांचें म्हणणें. ससून यांची बिशपवरील उपरोधिक कविताहि प्रसिद्ध आहे. हे दोघे लढवय्ये कवि असल्यामुळें त्यांचा शब्द प्रमाण मानला गेला आणि केनेडी वगैरे मंडळी एकाच फटक्यांत निकालांत निघाली. ससून-ओएन यांच्या कलेपुढें केनेडी उभे राहत नाहींत, हें कबूल. पण त्या दोघांना शिपायाविषयीं जी करुणा वाटते ती अधिकाऱ्याची आहे. शिपाई त्यांच्या कवितेंत बहुधा मरतो किंवा मुका असतो. केनेडी यांच्या कवितेंत तो बोलतो, तर्क करितो, चुकतो, देवाला प्रश्न विचारतो. एवढ्या एका गुणासाठीं त्या पंक्तींत, खालच्या पाटावर कां होईना, त्यांना बसवावें असें आमचें मत आहे.

युद्ध संपल्यावर केनेडी वुस्टरला परत गेले. पण एका गांवचे ते पुनः झाले नाहींत. १९२२ पासून लंडनच्या लोंबार्ड रस्त्यावरील एक देऊळ त्यांच्या नांवावर होतें, तथापि 'इंडस्ट्रिअल ख्रिश्चन फेलोशिप' ह्या संस्थेसाठीं मजूरवस्त्यांतून व्याख्यानें देत ते देशभर हिंडत राहिले, आणि १९२९ च्या मार्चमध्यें अशाच एका दौऱ्यांत लिव्हरपूल येथें वयाच्या ४५ व्या वर्षीं वारले. वुस्टरला प्रेतयात्रेंत त्यांच्या शवपेटिकेवर कोणी वुडबाइनचें पाकीट ठेविलें. शेवटच्या वर्षांतील कवितांत बोली जवळजवळ नाहींशी झाली आहे; भव्य शब्द व भव्य विशेषणें परत आलीं आहेत. हजारोंच्या सभेपुढें बोलणाऱ्याला शेजारच्या एका माणसाशीं बोलण्याची सवय फार दिवस राहत नाहीं.

केनेडी यांच्याच काळांत अमेरिकेंत अँटन बॉइझन नांवाचे एक पाळक वेगळ्या वाटेनें ह्याच ठिकाणीं येऊन पोंचले होते. १९२० सालीं त्यांना वेड लागून रुग्णालयांत रहावें लागलें. बरे झाल्यावर, १९२४ सालीं, ते एका मनोरुग्णालयाचे चॅप्लेन झाले, आणि पुढच्याच वर्षीं धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तेथें आणून, पुस्तकांप्रमाणें जिवंत माणसेंहि वाचावयास शिकवूं लागले. रुग्णालयांतील चॅप्लेनचें आजचें शिक्षण त्या उपक्रमांतून वाढलें. योगायोग असा कीं त्या रुग्णालयाच्या गांवाचें नांवहि वुस्टरच. बॉइझन यांचें गद्य रूक्ष आहे, त्याची तुलना येथें करावयाची नाहीं. पण रुग्णाला मजकूर समजून अक्षर-अक्षर वाचणें आणि 'वेल?' मधील शिपायाला त्याच्याच शब्दांत बोलूं देणें, हीं कामें एकाच जातीचीं आहेत.

ह्या कवितांपैकीं कांहीं मराठींत याव्यात. भारतीय सेनेंत आजहि पंडित, ग्रंथी, मौलवी यांच्याबरोबर पाद्रीहि धर्मशिक्षक म्हणून नेमले जातात, तेव्हां विषय आपल्याला दूरचा नाहीं. अडचण भाषेची. प्रमाण मराठींत ह्या कविता उतरविल्या तर त्यांचा जीव जाईल, आणि नाटकांतील विनोदी गडी ज्या बोलींत बोलतो ती वापरली तर त्याहून वाईट. १९१५-१६ च्या हिंवाळ्यांत इराकमधील कूतच्या वेढ्यांत मराठा पलटणी उपाशीं लढत होत्या. त्यांतले सातारा-कोंकणकडील गडी रात्रीं एकमेकांशीं ज्या बोलींत देवाचें नांव घेत असतील, ती बोली ज्याच्या कानांत आहे अशा भाषांतरकारानें हें काम करावें. त्यानें आरंभ 'वेल?'पासून करावा, मग 'द सॉरो ऑफ गॉड' घ्यावी. 'हाय अँड लिफ्टेड अप' सोडून दिली तरी चालेल.